पडद्याला रिंगा किती?

आमच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की मगदूम काकू त्यांचं नाव नंतर विचारतात, आधी पडद्याच्या रिंगा मोजतात. आम्ही बदलीवर लखनौला आलो आणि निशातगंजमधल्या या इमारतीत सामान लावत होतो, तेव्हा एक ठेंगणी, साठी उलटलेली बाई दार ढकलून सरळ खिडकीशी गेली, ओठ हलवत मोजू लागली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "नऊ? नऊ कोणी सांगितल्या तुला?"

वैशालीला वाटलं, पोलीस व्हेरिफिकेशन असावं.

पडद्याला रिंगा नेहमी समच हव्यात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सम असल्या की दोन्ही कडा भिंतीकडे वळतात, विषम असल्या की एक कड घरात डोकावते. एवढं सांगून काकू स्टुलावर चढल्या, पडदा काढला आणि घेऊन गेल्या. रस्त्यावरच्या लोकांसमोर आमची खिडकी दिवसभर उघडी होती. रात्री पडदा दहा रिंगांचा होऊन परत आला. सोबत थालीपीठ होतं, त्यामुळे भांडता आलं नाही.

काकू मूळच्या सांगलीकडच्या. मगदूम काका एअर फोर्समधून इथेच निवृत्त झाले आणि इथेच राहिले. काकूंनी शहराबाहेर चिनहटला ताडपत्र्या आणि तंबू शिवणाऱ्या एका कारखान्यात वीस वर्षं रिंगा ठोकल्या. कारखाना सुटला, पण हातोडी सुटली नाही. लोक चौक बाजारात चिकनकारीचे कुर्ते घ्यायला जातात, काकू ई-रिक्षा करून पितळी रिंगा घ्यायला जातात, त्याही किलोवर.

मग त्या रिंगा इमारतभर फिरतात. भाजीची पिशवी, टॉवेल, उशीचा अभ्रा, श्रीवास्तवजींच्या कुत्र्याचं स्वेटर, ज्याला म्हणून कोपरा आहे त्याला रिंग. कापड आधी दुमडायचं. भोक रिंगेच्या गळ्यापेक्षा जरा लहानच पाडायचं. वरून रिंग, खालून वायसर, आणि हातोडीचे दोनच ठोके. शेवटी अंगठ्यानं रिंग फिरवून बघायची. "फिरली तर गेली," असं त्या म्हणत. त्यांची फिरत नसे. वैशालीचा चिकनचा कुर्ता मात्र वाचला, कारण एकेरी कापडाला भोक पाडायचं नाही हा काकूंचा नियम होता आणि वैशालीनं तो वेळेवर पाठ केला होता.

श्रीवास्तवजी आमचे सेक्रेटरी. ते दर वेळी विचारत, "आंटी, ये छल्ला किसलिए?" काकूंचं उत्तर ठरलेलं होतं, "टाँगने के काम आएगा." कुत्र्याचं स्वेटर कुठे टांगायचं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पोरं त्यांना छल्लेवाली आंटी म्हणत. मीही घरी त्यांची नक्कल करून हशा मिळवत असे, हे कबूल करतो.

काका अगदी उलट. ताठ, मोजकं बोलणारे. कायम त्याच एका खुर्चीत बसलेले. पेपर काकू मोठ्यानं वाचणार आणि ते ऐकणार. "यांना माझ्याच आवाजात बातम्या लागतात," असं काकू सांगत आणि आम्हाला ते जरा जास्तच लाडाचं वाटे. काकांच्या प्रत्येक शर्टाच्या खालच्या कोपऱ्याला रिंगा होत्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. मला त्यांची कीव येई. बायकोच्या वेडापायी माणूस अंगावर पितळ घेऊन फिरतो!

काकांचा वर्षातला एक दिवस मात्र त्यांच्या एकट्याचा होता. सव्वीस जानेवारीला अंगणात झेंडा तेच फडकवत. पांढरा शर्ट आणि वर ब्लेझर. दोरी ओढली की कॉलर चिमटीत धरून दर वर्षी तेच वाक्य म्हणत, "देखिए साहब, कमीज सफेद है, नीयत भी सफेद रखिए." सगळी इमारत त्या वाक्याची वाट बघे आणि टाळ्या वाजवी.

या वर्षी जानेवारीत काकू ओल्या पायरीवरून घसरल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर. त्यांनी मला बोलावून घेतलं. काकांचे दोन नवे शर्ट आले होते, एकाच शिंप्याकडचे, एकाच मापाचे. एक झेंड्यासाठी पांढरा, दुसरा घरात घालायला पोपटी. "पांढऱ्याला एक, पोपटीला दोन," असं मला दोनदा बजावून त्या डाव्या हातानं चहा करायला गेल्या.

मी आतल्या काकूंशी बोलता बोलता पांढऱ्यालाच दोन ठोकल्या. चूक लक्षात आली, तेव्हा पोपटीला एक मारून हिशेब जुळवला. एकूण तीनच तर हव्या होत्या! वेडाच्या कामात एवढं काय बघायचं, असं म्हणून घड्या घातल्या, कपाटात ठेवल्या आणि चहा प्यायलो.

सव्वीस तारखेला काकू सकाळीच खाली गेल्या, बुंदी आणि खुर्च्यांचं बघायला. झेंड्याच्या दिवशी कपडे काढून दिलेले काकांना चालत नसत. मी जिना उतरत होतो, तर वरून काका आले, कठड्याला धरून, सावकाश. ब्लेझर, टाय आणि आत तो पोपटी शर्ट.

"गुड मॉर्निंग, काका," मी म्हणालो.

ते थांबले आणि आवाजाच्या दिशेनं वळले. कॉलर चिमटीत धरून म्हणाले, "पांढरा कसा दिसतोय रे? कॉलर कडक केलीय शिंप्यानं."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण काका थट्टा करत नसत. आणि त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या कानाच्या जरा बाजूला, भिंतीवर होती. ती खुर्ची, मोठ्यानं वाचलेला पेपर, शर्टाच्या एक-दोन-तीन रिंगा, सगळं एका क्षणात ध्यानात आलं. हा माणूस आता खाली जाऊन, साठ माणसांसमोर पोपटी कॉलर धरून "कमीज सफेद है" म्हणणार होता, आणि ते माझ्यामुळे.

"काका, कबुतरानं घाण केली हो शर्टावर," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

कबुतरांना हिंदीतून चार शब्द ऐकवत ते मागे फिरले. घरात मी कपाटातून पांढरा शर्ट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं सरळ खालच्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथे थांबली.

"दोन," ते म्हणाले. "कबुतर नव्हतं तर."

"नव्हतं, काका. रिंगा मी मारल्या. उलट मारल्या."

ते बटणं लावत राहिले. शेवटचं लावून झाल्यावर म्हणाले, "काचबिंदू. चार वर्षं झाली. खाली सांगू नकोस. झेंडा हातातून काढून घेतील. चांगल्या मनानंच काढून घेतील, पण घेतील."

मी त्यांच्या पुढे एक पायरी ठेवून खाली उतरलो. झेंड्यापाशी काकू उभ्या होत्या. त्यांनी डाव्या हातानं दोरी काकांच्या हातात दिली, अशी की बघणाऱ्याला वाटावं, बाई उगाच लुडबूड करतेय. झेंडा उलगडला. काकांनी कॉलर धरली, वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मला डोळे पुसायचे होते.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. काकूंना सगळं कळलेलं होतं. त्या रागावल्या नाहीत, हेच मला जड गेलं. टेबलावर त्यांचे टॉवेल होते, एका रिंगेचा काकांचा, दोन रिंगांचा त्यांचा.

"पण काकू, मग आमचे पडदे, पिशव्या, ते कुत्र्याचं स्वेटर?"

"एकट्या यांच्याच कपड्यांना रिंगा दिसल्या असत्या, तर लोकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं असतं," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांच्याच घरात आहेत. म्हातारी येडी झाली म्हणतात. म्हणू देत बापडे. यांच्याकडे तर कुणी बघत नाही ना."

आतल्या खोलीत रेडिओ लागला होता. मी घरी आलो, माझा ऑफिसचा निळा शर्ट घेतला आणि परत गेलो.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"याला एक रिंग मारायचीय. तुम्ही सांगा, मी मारतो."

त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आधी दुमड नीट."

मी दुमडलं, भोक पाडलं, दोन ठोके मारले. काकूंनी डाव्या अंगठ्यानं रिंग फिरवून बघितली. फिरली नाही.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट पँटीत न खोचता मी बँकेत जायला निघालो. खाली श्रीवास्तवजी कुत्र्याला फिरवत होते. त्यांचं लक्ष माझ्या कोपऱ्याकडे गेलंच.

"अरे भाई, आप भी? ये छल्ला किसलिए?"

"टाँगने के काम आएगा," मी म्हणालो आणि रिक्षा थांबवली.