पाऊण इंचाचं भोक आणि तीन वर्षांची वॉरंटी

खरं सांगायचं तर मी फक्त एका भोकाला हो म्हटलं होतं. पाऊण इंचाच्या. तेसुद्धा बाबांनी तीनदा विचारल्यावर आणि माझ्या बायकोने, सुजाताने, एकदा माझ्याकडे नुसतं बघितल्यावर. (सुजाताचं नुसतं बघणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी मला नावं ठेवू नयेत.)

भोक माझ्या नव्या ट्रकला पाडायचं होतं. ट्रक म्हटल्यावर मागे शेरोशायरी लिहिलेला, विटा वाहणारा ट्रक तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल तर तो आधी बाजूला घ्या. इथे अमेरिकेत ट्रक म्हणजे पिकअप. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, आणि हौद्याला खाली उघडणारं एक दार. त्याला इथे टेलगेट म्हणतात, बाबा फाळका म्हणतात. आमच्या शॉमबर्गमध्ये दर तिसऱ्या घरासमोर असा एक पिकअप उभा असतो आणि त्यातून मालकाच्या लॅपटॉपशिवाय दुसरं काहीही वाहून नेलं जात नाही. मार्चमध्ये मीही एक घेतला. निळा.

आता माझी नोकरी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करतो. गिऱ्हाइकाचा क्लेम नाकारला की त्याचं कारण पत्रावर बरोबर छापून येतंय की नाही, हे मी तपासतो. अशी एकशे चौदा कारणं आहेत आणि ती मला पाठ आहेत. अशा माणसाने नवी गाडी घेतल्यावर पहिल्यांदा काय वाचावं? वॉरंटीचं पुस्तक! मी ते शोरूममधून घरी येईपर्यंत वाचलं. (गाडी सुजाता चालवत होती.) त्यात एक वाक्य होतं, 'मालकाने गाडीत फेरबदल केल्यास...' एवढं मला पुरेसं होतं. मी त्याखाली लाल रेघ मारली आणि घरात जाहीर केलं, "ह्या गाडीला कुणीही काहीही बसवायचं नाही, चिकटवायचं नाही, टांगायचं नाही. तीन वर्षं."

"डॅड, इट्स अ ट्रक. नॉट अ म्युझियम," हर्षिता म्हणाली. ती आमची मुलगी, वय वर्षं तेरा.

माझा हा कायदा बरोबर अकरा दिवस टिकला.

फेब्रुवारीत बाबा नागपूरहून आले होते. बाबा म्हणजे राजाराम फोरमन, एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं. जन्मात पहिल्यांदाच त्यांची चौदा एप्रिल नागपूरच्या बाहेर जाणार होती. आमच्या मंडळाची जयंतीची मीटिंग होती, साठेक माणसं होती, आणि बाबांनी सरळ विचारलं, "मिरवणुकीत गाडी कोणती आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमची मिरवणूक म्हणजे शाळेच्या पार्किंग लॉटपासून पार्कपर्यंत चालत जाणं आणि परत येऊन जेवणं. बाबासाहेबांचा फोटो दोघं जण हातात धरतात. वारा आला की तिसरा धावतो.

"गाडीशिवाय मिरवणूक?" बाबांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. तेवढ्यात सुजाता म्हणाली, "आपला ट्रक आहे ना, बाबा! निळाच आहे." साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना वॉरंटीचा विषय कसा काढायचा हे मला अजूनही माहीत नाही.

तर ते भोक. झेंड्याच्या काठीसाठी. "एकच पाडतो रे," बाबा म्हणाले. मी गॅरेजमध्ये उभं राहायला नकार दिला आणि स्वयंपाकघरात कान बंद करून बसलो. भोक पडलं, काठी बसली, झेंडा फडकला. मग बाबा म्हणाले, "वाऱ्याने हलेल. एवढं केलंच आहे तर खालून एक पट्टी लावू." पट्टीला आधार पाहिजे म्हणून हौद्यात प्लायवूडचा प्लॅटफॉर्म आला. प्लॅटफॉर्म पक्का पाहिजे म्हणून सहा बोल्ट आले. एवढा मोठा प्लॅटफॉर्म रिकामा कसा दिसेल, म्हणून दोन स्पीकर आले. स्पीकरला करंट पाहिजे म्हणून मंडळातला सत्यजित आला. तो इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. त्याने बॅटरीपासून हौद्यापर्यंत एक जाडजूड वायर ओढली आणि मला म्हणाला, "टेन्शन घेऊ नको यार, फ्यूज टाकलाय." एवढं केलंच आहे तर म्हणून निळ्या लाइटच्या माळाही आल्या.

तीन आठवडे बाबा आणि सत्यजित गॅरेजमध्ये होते. बाबा सत्तरीचे आहेत हे मीच विसरलो. डोक्याला टोपी, कानाला पेन्सिल, आणि "सुजाता, जरा चहा पाठव गं" अशी वर्कशॉपातली हाक. रोज संध्याकाळी मी जाऊन बोल्ट मोजायचो आणि रात्री मला एकशे चौदा कारणं आठवायची.

जयंतीच्या शनिवारी हवेत चांगलाच गारठा होता, पण मिरवणूक काय झाली म्हणता! ट्रक मी चालवला, ताशी तीन मैलांनी. वर प्लॅटफॉर्मवर फुलांनी सजवलेला फोटो, बाजूला बाबा, झेंड्याची काठी धरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. फुटपाथवरच्या एका आजीबाईंनी हात हलवला तर बाबांनी त्यांना कडक जय भीम घातला. परत पार्किंग लॉटमध्ये येऊन ट्रक उभा केला, लेझीम झाली, थोडंफार नाचणं झालं (सगळेच नाचले), मग जेवणं झाली आणि सामान लादून, फाळका उघडाच ठेवून आम्ही घरी आलो.

सोमवारी सकाळी ट्रक सुरू केला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. फाळका गच्च बंद होता तरी स्क्रीन सांगत होती की तो उघडा आहे. टुंग. टुंग. टुंग. रिव्हर्स टाकला तर कॅमेऱ्यात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी आभाळ दिसायला लागलं. एक विमानसुद्धा दिसलं.

"बघा! मी सांगत होतो!" मी घरात येऊन ओरडलो. "भोकं पाडा, वायरी ओढा! गेली वॉरंटी! गेली!"

"अतुल, शांत हो," सुजाता म्हणाली. "डीलरकडे ने आणि काय झालं ते सांग."

सांग म्हणे! रोज लोकांचे क्लेम नाकारलेले बघणारा माणूस मी. मी बुधवारची अपॉइंटमेंट घेतली आणि मंगळवारी ऑफिसला दांडी मारून सगळं काढलं. काठी काढली, स्पीकर काढले, प्लॅटफॉर्म खोलून भिंतीला टेकवला, वायर गुंडाळली. भोकांमध्ये काळी रबराची बुचं बसवली आणि वरून माती चोळली, नैसर्गिक दिसावीत म्हणून. बाबा दारात उभं राहून बघत होते.

बुधवारी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे वंदना घेतली. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, म्हणजे खोटं न बोलण्याचं, आणि मला अचानक खोकला आला.

वंदना झाल्यावर बाबा म्हणाले, "तिसऱ्यावरून एकदम पाचव्यावर गेलास."

"घसा धरलाय, बाबा."

"हं. मी पण येतो डीलरकडे. घरात बसून काय करू?"

सर्व्हिस काउंटरवर केव्हिन नावाचा एक हसतमुख माणूस होता. त्याने ट्रकभोवती एक चक्कर मारली, फाळका उघडून बघितला, बंद करून बघितला, आणि कॉम्प्युटरसमोर बसून विचारलं, "एनी मॉडिफिकेशन्स?"

"नो," मी म्हटलं. "नथिंग. फॅक्टरी कंडिशन."

मागे खुर्चीवर बसलेले बाबा उठले. फॅक्टरी आणि कंडिशन हे दोन शब्द त्यांनी चौतीस वर्षं रोज ऐकले होते.

"अतुल," ते मराठीत म्हणाले, अगदी हळू, "मी तीन आठवडे काय केलं मग?"

"बाबा, नंतर बोलू ना..."

"एसटीत मी केलेल्या कामाखाली सही करायचो. ब्रेक लागला नाही तर राजारामला बोलवा, म्हणून. आणि तू म्हणतोस, काही केलंच नाही?"

मला लाज वाटली. अगदी खरी लाज. वॉरंटी गेली तर जाऊ दे, पण ह्या माणसाने थंडीत गुडघे टेकून बसवलेला प्लॅटफॉर्म मी पुसून टाकला होता, आणि वर माती चोळली होती. मी केव्हिनकडे वळून तोंड उघडणार, एवढ्यात बाबाच काउंटरला टेकले.

"सर, मॉडिफिकेशन इज देअर. आय हॅव डन. सिक्स बोल्ट, वन पोल, टू स्पीकर, लायटिंग. आय विल शो." आणि त्यांनी फोन काढला. हर्षिताने मिरवणुकीचा व्हिडिओ काढून आजोबांना पाठवला होता. हे मला माहीत नव्हतं.

केव्हिनने व्हिडिओ बघितला, मग आत जाऊन वर्कशॉपमधल्या दोन मेकॅनिकना घेऊन आला. चौघं फोनवर वाकले. बाबा मध्येच थांबवून दाखवत होते, "सी, फोर पीपल स्टँडिंग. नो शेकिंग." एक मेकॅनिक म्हणाला, "दॅट्स अ ब्युटिफुल प्लॅटफॉर्म, सर." बाबांची मान ताठ झाली. दुसऱ्याने ट्रककडे जाऊन माझं रबरी बूच काढलं, भोकात बोट घालून बघितलं आणि अंगठा वर केला.

मी केव्हिनला माझी लाल रेघ दाखवली. "पण ह्यात लिहिलंय ना, फेरबदल केल्यास..."

"पुढचं वाच," तो म्हणाला.

रेघ जिथे संपली होती तिथे स्वल्पविराम होता आणि पुढे लिहिलं होतं, 'आणि त्या फेरबदलामुळेच बिघाड झाल्यास'. (हो, रोज कामावर मी पूर्ण वाक्य वाचतो. त्याचा पगार मिळतो.)

"मग बिघाड कशाने झाला?" मी विचारलं.

व्हिडिओ तोवर पुढे चालला होता. पार्किंग लॉट. ट्रक उभा. फाळका उघडा. आणि जाड जाकिटातला एक माणूस हातात लेझीम घेऊन त्या फाळक्यावर चढला. आधी त्याने नुसती मान हलवली. मग तो खाली बसून उठला. मग ताशाच्या प्रत्येक ठोक्याला तो दोन्ही पायांनी उडी मारून फाळक्यावर आपटायला लागला. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर आनंद. मागून एका मुलीचा आवाज येत होता, "डॅड, प्लीज स्टॉप. डॅड. एव्हरीबडी इज वॉचिंग."

"हू इज दॅट जंटलमन?" केव्हिनने विचारलं.

मी छताकडे बघितलं.

"माय सन," बाबा म्हणाले. "स्कूलमध्ये फर्स्ट यायचा लेझीममध्ये."

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. अकराव्या मिनिटापर्यंत फाळका एका बाजूने चांगला चार बोटं खाली आला होता आणि मी अजून उडतच होतो. मेकॅनिकने हळूच विचारलं, "सर, तुमचं वजन किती?"

"एकशे नव्वद पौंड."

"टू हंड्रेड टेन," बाबा म्हणाले. आता त्यांना कोण थांबवणार!

तर निदान झालं. प्लॅटफॉर्म उत्तम. काठी उत्तम. वायरिंगचा तर त्यांनी व्हिडिओ थांबवून फोटो काढला. बिजागरी वाकली होती, एका बाजूची केबल ताणली गेली होती, आणि म्हणून सेन्सर बोंबलत होता आणि कॅमेरा आभाळ बघत होता. वॉरंटी शाबूत होती. एवढी एक दुरुस्ती तिच्यात बसत नव्हती. "राइट इट, प्लीज," बाबा म्हणाले. लेखी घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात वर्कशॉप सोडलेलं नाही. केव्हिनने कारणाच्या रकान्यात टाइप केलं, 'मालकाने उड्या मारल्या'. माझ्या एकशे चौदांत हे कारण नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुचवलं. घेतलं त्यांनी.

तो कागद सुजाताने फ्रिजवर लावला. त्या दिवसापासून घरात मला कुणी परवानगी विचारत नाही. ट्रकला सायकलींचा रॅक आला, हर्षिताच्या कयाकसाठी, म्हणजे छोट्या होडीसाठी, वर दांड्या आल्या, बाजूला उघडणारी ताडपत्री आली. मी तोंड उघडलं की सुजाता फ्रिजकडे बोट दाखवते, "कंपनीने लिहून दिलंय. ट्रकला काहीही बसवा, फक्त अतुलला चढवू नका."

ऑगस्टमध्ये बाबा परत गेले. जाताना प्लॅटफॉर्मचं ड्रॉइंग काढून सत्यजितला देऊन गेले, खाली सही करून. ह्या वर्षीच्या जयंतीला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: वाहन, अतुल यांचा ट्रक. चालक, सुजाता. अतुल यांनी पायी यावे.

मी गेलो पायी, ट्रकच्या मागे. बाबांना नागपूरला व्हिडिओ कॉल लावला, झेंडा दाखवला, स्पीकर ऐकवले. ते खूश झाले, डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले. मग स्पीकरवर ताशा सुरू झाला आणि बाबांनी डोळे पुसून विचारलं, "अतुल, फाळक्यापासून किती लांब आहेस?"

"दहा फूट असेन, बाबा."

"अजून थोडा मागे हो," बाबा म्हणाले.