पेठला मोतीबिंदूची साथ

माउसशिवाय ज्याचं पान हलत नाही, त्याला मी कॉम्प्युटरवाला मानतच नाही! नाशिकच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिबिरांच्या नोंदी अजून एका जुनाट मशीनवर आहेत. काळा पडदा, पांढरी अक्षरं. बाकीचे घाबरतात. मी नाही!

परवा डॉक्टर सुरय्या मॅडम म्हणाल्या, "दिनेश, पेठच्या शिबिरातले मोतीबिंदूवाले काढ. सोमवारी ऑपरेशनला बोलवायचेत. बाराएक असतील."

"दोन मिनिटं, मॅडम!"

FIND लिहिलं, पुढे motibindu, पुढे फाइलचं नाव. उत्तर शून्य! फाइलमध्ये सगळं कॅपिटलमध्ये, आणि हे मशीन लहान-मोठ्या अक्षरांबाबत सासूपेक्षा कडक. मग MOTIBINDU केलं आणि वर /V जोडलं. कुठंतरी वाचलं होतं. व्ही म्हणजे व्यवस्थित असणार!

प्रिंटर करकरायला लागला तो थांबेचना. एकशे त्रेचाळीस नावं! मी पेठला शिबिराचं काम बघणाऱ्या झिपरूला फोन लावला.

"भाऊ, मला तर बाराच आठवत्यात," तो म्हणाला.

"तुला आठवतं, मशीनला माहीत असतं! सगळे आण."

सोमवारी सकाळी दारात जीप आणि पिकअपची रांग! स्वयंपाकघरातून मंगलाबाई ओरडल्या, "अहो, मी बारा जणांची खिचडी टाकलीय!"

मॅडमनी पहिल्या वाळूबाबांना खुर्चीत बसवलं. "बाबा, भिंतीवरची अक्षरं दिसतात?"

"वाचता येत नाय, पर दिसत्यात. खालच्या वळीवर माशी बसलीय, ती बी दिसती."

दुसऱ्या कुसाबाई. त्यांनी सुईत दोरा ओवून दाखवला, तोही चालता चालता!

"मग आलात कशाला?"

"तुमीच बलावलं! म्हटलं, आमाला दिसत नाय आसं काय तरी डाक्टरला दिसलं आसंल!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलवर /V चा अर्थ शोधला. 'तो शब्द नसलेल्या ओळी दाखवा.' म्हणजे तालुक्यातले धडधाकट डोळे वेचून आणले होते, आणि मोतीबिंदूवाले घरी!

स्टुलावर चढून मी सगळ्यांची मोठ्यानं माफी मागितली. तेवढ्यात मागून एक म्हातारी चाचपडत पुढे आली. भागीबाई.

"मला कोनी बलावलं नव्हतं. पर आख्खा पाडा गाडीत बसला, मी येकली काय करू?"

मॅडमनी बॅटरी मारली. पिकलेला मोतीबिंदू! तिचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. उरलेले अकरा झिपरूनं बाकीच्यांना घरी सोडून येताना गाडीतून आणले.

दुसऱ्या दिवशी भागीबाईची पट्टी निघाली. मॅडम म्हणाल्या, "आजी, हा दिनेश. काल स्टुलावरून बोलत होता ना, तो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"ह्यो व्हय? आवाजावरनं शाना वाटला व्हता!"