निळ्या रंगाचा पुरावा

नव्या घरात येऊन दोन महिने होतात न होतात तोच बेडरूमच्या भिंतीवर ओल उमटली. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी. भिंतीपलीकडे आमचं बाथरूम. बिल्डरचा सुपरवायझर आला, भिंतीवर टिचकी मारून म्हणाला, "नवी भिंत आहे साहेब, सुकतेय." सुकणारी भिंत रोज जास्त ओली कशी होते, हे विचारेपर्यंत तो लिफ्टमध्ये होता.

मी ठरवलं, गुन्हेगार आपणच शोधायचा. माझा संशय वरच्या मजल्यावरच्या काकांवर होता. कारण जिन्यात भेटले की ते हवापाण्याचं बोलायचे, पण ओलीचं नाव काढायचे नाहीत.

"अहो, त्यांना ती माहीतच नाही," बायको म्हणाली.

"तेच तर! काही माहीत नसल्यासारखं वागतात."

ऑफिसातल्या हेडक्लार्कने उपाय सांगितला. संशयिताच्या बाथरूममध्ये रंग ओत, भिंत रंगली की चोर सापडला. (या माणसाच्या सल्ल्याने मी एकदा बदलीचा अर्ज केला होता, आणि त्याची बढती झाली होती.) मी निळ्या रंगाच्या दोन पुड्या पँटच्या खिशात घातल्या आणि रविवारी सकाळी काकांची बेल वाजवली.

"काका, जरा तुमचं बाथरूम वापरू?"

"का? तुमचं?"

"मुलगी आत आहे. तासभर निघत नाही."

आत जाऊन एक पुडी जाळीत रिकामी केली, वर चार बादल्या पाणी ओतलं. बाहेरून काका दर मिनिटाला विचारत होते, "बरं आहे ना?" एवढी काळजी? संशय पक्का झाला! फरशीवरचे निळे शिंतोडे रुमालाने पुसले. ते आणखी पसरले. मी बाहेर पडून पळ काढला.

दोन दिवस भिंतीसमोर स्टूल टाकून बसलो. निळेपणाचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर दारात खालच्या मजल्यावरच्या ताई.

"आमच्या बाथरूमचं छत निळं झालंय!"

"पाहिलंस?" मी बायकोला म्हणालो. "काकांचं पाणी थेट दोन मजले उतरलं!"

बायकोने शांतपणे आपले दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत निळे.

"तुमची पँट धुतली सकाळी. आपल्या बाथरूममध्ये. खिशात काय होतं?"

मी बेडरूमकडे धावलो. ओलीला सुंदर निळी किनार आली होती.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने आमच्याच बाथरूमची फरशी फोडली. सांडपाण्याचा पाइप वर करून दाखवत म्हणाला, "जोड चिकटवलाच नाही. नुसता टेकवून ठेवलाय." म्हणजे दोन महिने आम्ही आमच्याच भिंतीला आंघोळ घालत होतो.

ठोकाठोक ऐकून काका खाली आले. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणला.

"लाजायचं नाही. रविवारी तुम्ही गेल्यावर मी बाथरूम पाहिलं. सगळं निळं! अहो, हे अंगावर काढू नका. माझा भाचा लघवीच्या विकारांचा डॉक्टर आहे, त्याची उद्याची वेळ घेतलीय."

"काका, कुणाला बोलला नाहीत ना?"

"छे! सोसायटीच्या ग्रुपवर फक्त औषध विचारलं. नाव अजिबात टाकलं नाही," काका माझा खांदा थोपटत म्हणाले, "नुसता फ्लॅट नंबर टाकला."