तात्याकाकांचा लव्हाळा

आमच्या रहिमतपूरकडं उसात लव्हाळा दिसला की माणूस आधी खुरपं शोधतो. आमचे तात्याकाका पाण्याचा तांब्या शोधायचे.

फौजेतून सुभेदार होऊन आलेला बागाईतदार माणूस. पण परसात मोरीचं पाणी मुरायचं, त्या ओलीत त्यांनी लव्हाळ्याची बाग केली होती. ओळीनं आळी, भोवती चुना लावलेल्या विटा. दर रविवारी कात्रीनं वाळकी पाती छाटायची, त्याला ते 'कटिंग परेड' म्हणत. येईल त्याला ऐकवायचे, "डौल बघ, डौल!"

आमची घरं शेजारी, परस एकच. काकी गेल्यापासून ते आमच्याकडंच जेवत. गावातल्या बायका मला विचारायच्या, "तुझं काका यंदा लव्हाळा कुठल्या कारखान्याला घालणार गं?" लाजेनं माझी मान वर होत नसे.

"काका, मोगरा लावा की. न्हाईतर अळू तरी," मी म्हणायची.

"बघू," एवढंच उत्तर.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मला बघायला वडूजचे पाहुणे यायचे होते. पाय धुवायला ते परसातच येणार, या विचारानं मला झोप नव्हती. सकाळी आमच्या भांगलणीच्या, उसातलं तण काढणाऱ्या बायका मदतीला आल्या. पोह्यांचा कांदा चिरून झाला, हात मोकळे राहिले. घरात पाहुणे येणार आणि परसात लव्हाळा माजलाय, हे काही त्यांना बघवेना. काका पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलेले. मी साडी नेसून बाहेर येते तर परस लख्ख! विटा तेवढ्या उरल्या होत्या. मला आधी हायसंच वाटलं.

तेवढ्यात काका पाहुण्यांना घेऊन आले आणि जागीच थांबले.

"आवं सुभेदार, एक पात ठेवली न्हाई बगा!" त्या बायकांतल्या पारूबाई ऐटीत म्हणाल्या. आईनं डोळे वटारले तसं त्यांनी खुरपं पदराखाली लपवलं.

"लय बेस केलंसा," काका म्हणाले, "च्या घेऊन जावा." आणि पाहुण्यांच्या पायावर पाणी घालू लागले.

पाहुणे गेल्यावर ते एकटेच विटा सरळ करत बसले होते.

"काका, बायकांना ठावं नव्हतं..."

"व्हय गं." त्यांनी मान वर केली नाही. "मोगरा लावला तर माळणारं माणूस लागतंय. अळू लावलं तर वड्या करणारं. तुझी काकी हुती तवर सगळं लावलं. ह्याला कुणीच लागत न्हाई."

मला तोंड कुठं लपवावं कळेना. पण लव्हाळ्याच्या गाठी मातीत राहतातच आणि पाणी मिळालं की पुन्हा फुटतात, हे उसाच्या घरातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. मी तांब्या भरून आणला आणि रिकाम्या आळ्यात ओतला. रस्त्यावरनं कुणीतरी बघून हसलं. मी दुसरा तांब्या आणायला गेले.