बोनकोड्याची उजेड निवड समिती

माणसाचं लग्न एका क्षणात लागतं आणि त्याचा पुरावा जन्मभर भिंतीवर लटकतो. तेव्हा लग्न नीट लागण्यापेक्षा पुरावा नीट येणं अधिक महत्त्वाचं, हे कोणीही विचारी माणूस कबूल करील. बोनकोडे गावाने हे तत्त्व १९६२ सालच्या माघात, रीतसर ठराव करून मान्य केलं.

ठरावाला कारण झाला हिरामण. तो गावातला एकमेव फोटोग्राफर. एरवी मिठागरावर मुकादमी करायचा आणि लग्नसराईत गळ्यात कॅमेरा अडकवायचा. कॅमेरा ठाण्याच्या एका स्टुडिओवाल्याने दिला होता. कला मात्र आपली आपणच शिकलो, असं तो सांगे. (फोटो पाहिल्यावर लोकांना ते पटे.)

आदल्या वर्षी त्याच्या चुलतबहिणीचं, शांतीचं लग्न झालं. गावात वीज नव्हती, मुहूर्त गोरज, मांडव झावळ्यांचा. गॅसबत्तीच्या उजेडात काढलेल्या फोटोत नवरा कोणता आणि खांब कोणता हे ओळखू येत नसे. म्हणून हिरामणने फोटोसाठी मिळणारी पावडर आणून पेटवली. उजेड भरपूर पडला. त्याचं फळ सरकारी शिस्तीत मांडायचं तर असं: फोटो अकरा, चेहरे एकशे त्रेचाळीस, उघडे डोळे सात. (सात ही विषम संख्या कशी आली, याचा तपास लागलेला नाही.) शिवाय ऐरोलीच्या व्याह्यांची उजवी मिशी जळाली. डावी फोटोत अतिशय स्वच्छ आली होती, पण त्याचं कौतुक कोणी केलं नाही.

शांतीच्या सासरी त्यातलाच एक फोटो भिंतीवर लागला. नवखा पाहुणा तो बघून वहाणा काढी आणि हळू आवाजात विचारी, कोण गेलं?

आता शांतीच्या धाकट्या बहिणीचं, गोजराचं लग्न सानपाड्याच्या नामाशी ठरलं. गोजराचे वडील तुळशीराम, म्हणजे हिरामणचे सख्खे काका, गावचे पुढारी. त्यांनी पुतण्याला बोलावून सांगितलं, की या वेळी ठाण्याचा माणूस येईल आणि तुझा कॅमेरा कायमचा फळीवर जाईल. हिरामण दोन दिवस कॅमेरा पुसत बसला. तिसऱ्या दिवशी गोजरा मिठागराच्या बांधावर त्याला शोधत आली.

"दादा, मना तुझ्याच हातचा फोटू पायजे," ती म्हणाली. "पन माजं डोलं उघडं दिसाया पायजेत. शांतीताईसारका नको."

त्यावर हिरामणला बळ आलं. तो काकांकडे गेला आणि म्हणाला, की दोष हाताचा नव्हता आणि डोळ्यांचाही नव्हता; दोष उजेडाचा होता. तुळशीराम न्यायी माणूस होते. ज्याला तोंड नाही अशा कोणावर दोष गेला की त्यांना बरं वाटे. त्यांनी तिथल्या तिथे पाच जणांची उजेड निवड समिती नेमली. पाचांपैकी एकानेही कॅमेऱ्याला कधी हात लावलेला नव्हता, त्यामुळे समिती निःपक्षपाती होती.

पावडर मिशीच्या मुद्द्यावर फेटाळण्यात आली. मग हिरामणने ठाण्याहून होडीने काचेचे बल्ब आणले. बंदुकीसारख्या दांड्यावर बल्ब बसवायचा, फोटोबरोबर तो फट्‌ करून जळतो, पुन्हा उपयोगाचा नाही. उजेड चोख, धूर नाही. बल्ब होते चोवीस आणि घोटाळा तिथेच झाला. ज्याच्यावर बल्ब जळेल त्याला मान मिळेल, असं समितीने जाहीर केलं. मानकऱ्यांची यादी करायला नऊ दिवस लागले. तीत नवऱ्याचा मामा, नवरीचा मामा, दोन्ही मामांचे मामा, गावकीचे पंच, समितीचे सभासद (तत्पर कामकाजाबद्दल) आणि सभासद धर्मराज यांचा शर्यतीचा बैल, असे एक्केचाळीस जण बसले. हिरामणने भीतभीत विचारलं, की यात नवरी कुठे आहे?

"ती मांडवान असनारच हाय," धर्मराज शांतपणे म्हणाले. "तिला बल्ब कशाला?"

यादी चोवीसवर काही आली नाही. समितीने बल्ब 'अपुऱ्या सन्मानक्षमतेमुळे' नाकारले.

राहिला तिसरा प्रकार: बॅटरीचा फ्लॅश. तो त्या काळात नवाच होता. खांद्याला पिशवी, पिशवीत तांदळाच्या गाठोड्याएवढी जड बॅटरी, तिथून वायर हातातल्या दिव्याला. एकदा चमकला की डासासारखा गुणगुणत पुन्हा शक्ती गोळा करतो आणि तयार झाला की मागच्या बाजूला इवलासा लाल दिवा लागतो. मग पुन्हा चमकवा. पाहिजे तितक्या जणांना मान द्या, बैलालाही द्या. समितीने तो एकमताने निवडला. एकमत हे त्या समितीत पहिल्यांदाच झालं होतं, म्हणून त्या आनंदाप्रीत्यर्थ दोनदा चमकवून पाहण्यात आलं.

डोळ्यांचा प्रश्न उरला होता. त्यासाठी समितीने गावाला तीन दिवस सराव दिला. लाल दिवा फक्त हिरामणला दिसे, तो 'दिवा!' म्हणाला की सगळ्यांनी हातातलं काम सोडून कॅमेऱ्याकडे बघायचं आणि पापणी हलवायची नाही. पहिल्या दिवशी यश शेकडा बत्तीस, दुसऱ्या दिवशी एकसष्ट. तिसऱ्या दिवशी सानपाड्याची मंडळीही येऊन शिकून गेली आणि 'दिवा!' म्हणताच शेळ्यासुद्धा माना वळवू लागल्या.

लग्नाच्या दिवशी सूर्य खाडीकडे कलला तेव्हा मांडवात तीनशे माणूस होतं. धवलारीण पुतळाबाई गात होती. तिच्या गाण्याशिवाय त्या भागात लग्न लागत नसे. पण त्या दिवशी दिव्याशिवायही लागेना. हळद लावताना दिवा नव्हता म्हणून हळद पुसून पुन्हा लावली. व्याहीभेट चार वेळा झाली. चौथ्या वेळी व्याही एकमेकांना खरोखर कंटाळले होते, पण फोटोत प्रेम दिसतं. बॅटरी उतरू लागली तसा लाल दिवा आधी दहा मोजेपर्यंत लागत होता तो पन्नास मोजूनही लागेना. पुतळाबाईची गाणी संपली. मग तिने घरातल्या भांड्यांची नावं चालीवर म्हणायला घेतली.

गोरज टळू लागला. नवरानवरीत अंतरपाट धरलेला, धरणाऱ्यांचे हात भरून आलेले, हातांत हार घेऊन दोघं उभी. तुळशीरामांनी आज्ञा केली, की दिव्याबिगर पाट खाली जाणार नाही. तीनशे माणसं अक्षता मुठीत घामेजत हिरामणकडे बघत राहिली. हिरामणला फक्त न लागलेल्या दिव्याचा काळा ठिपका दिसत होता.

ठिपका लाल झाला. "दिवा!" तो म्हणाला.

सराव फळाला आला. पाट पडला, तीनशे माना गर्रकन वळल्या, सहाशे डोळे उघडे राहिले. नवरानवरीनेही मान वळवली आणि समोर न बघताच हार घातले. गोजराचा हार नवऱ्याच्या मामांच्या गळ्यात पडला. नामाचा हार मांडवाच्या मुख्य खांबाला बसला. फ्लॅश चमकला. अक्षता पडल्या. बाजा सुरू झाला.

बाजा थांबायला थोडा वेळ लागला.

मग सानपाडा आणि बोनकोडे यांच्यात गंभीर चर्चा सुरू झाली. मामा विवाहित होते आणि त्यांची बायको पहिल्याच रांगेत होती. खांबाची बाजू कोणी मांडली नाही. हार काढून पुन्हा घालावेत असं ठरलं, पण दिवा पुन्हा लागेपर्यंत थांबायचं, असा समितीने आग्रह धरला. हिरामणने दिव्याकडे बघितलं, पिशवी हलवली, आणि सांगून टाकलं, की बॅटरी मेली.

ते ऐकताच लोकांचा रस गेला. पाहुणे पंगतीकडे सरकले. समिती अहवाल लिहायला बसली. दोन माणसांनी पुन्हा पाट धरला तेव्हा तिकडे बघणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. हिरामणने पिशवी उतरवून ठेवली आणि बघत उभा राहिला. पाट पडला. गोजरा आणि नामा एकमेकांकडे बघत होती, आणि दोघांना असं हसू फुटलं की हार गळ्यात जायला तीन प्रयत्न लागले. गोजराचे डोळे पुरते उघडे होते. हिरामण पुढे म्हातारा झाला, पण तसा चेहरा आपल्याला कधी टिपता आला नाही, असं म्हणत राहिला.

फोटो उत्तम आला. सानपाड्याच्या घरात तो दर्शनी भिंतीवर लागला: गोजरा मामेसासऱ्यांना हार घालत्ये, नामा खांबाला वरतोय आणि एकूण एक डोळा उघडा आहे. लोक उजेडाची तारीफ करतात. हिरामणला त्यानंतर चाळीस गावांची लग्नं मिळाली आणि सगळीकडे समितीचीच पद्धत चालू झाली. बिनचूक फोटोत नवरा-नवरी हार घालताना कॅमेऱ्याकडे बघतात, हे तेव्हापासून शास्त्र मानलं जातं.

बोनकोड्याच्या लोकांना हसण्याचा हक्क आपल्याला जरूर आहे. फक्त त्याआधी कपाटावरचा आपल्या लग्नाचा अल्बम काढा, हार घालतानाचा फोटो बघा आणि प्रामाणिकपणे सांगा: त्या क्षणी तुमचं लग्न नक्की कोणाशी लागत होतं?