शब्दकोश, नग एक

ज्ञान वापरल्याने झिजते, हे शिक्षणशास्त्राने अजून मान्य केलेले नसले तरी शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरने केव्हाच मान्य केले आहे. रेवसच्या खाडीलगतच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक दत्तात्रेय गुरुजींनी हे सत्य एकोणीस वर्षे जिवापाड जपले. रजिस्टरात 'शब्दकोश, नग एक, सुस्थितीत' अशी नोंद होती. नग लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनात, आणि कपाटाची चावी गुरुजींच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. फेब्रुवारीअखेर गुरुजी निवृत्त व्हायचे होते. चार्ज देताना एकही नग कमी भरू नये, एवढीच त्यांची या जगाकडून अपेक्षा उरली होती.

नेमके याच वेळी वरून परिपत्रक आले. मुलांची शब्दकोशाशी मैत्री व्हावी, शब्द कोठून आले याचे कुतूहल वाढावे, यास्तव प्रत्येक विद्यार्थ्याने शब्दकोश प्रत्यक्ष हाताळावा व फोटो त्याच दिवशी अपलोड करावा. गुरुजींना घाम फुटला. मैत्री म्हटली की गळ्यात गळा आला, आणि पोरांचे गळे त्यांना ठाऊक होते.

पण अनुभव कामी आला. आधी हात धुणे (साबणाने), मग नखे दाखवणे, मग रांग. कोश गुरुजींनी स्वतः छातीशी धरायचा, मिटलेला. विद्यार्थ्याने उजव्या हाताची तर्जनी वेष्टनावर टेकवायची, कॅमेऱ्याकडे पाहायचे आणि कुतूहल वाढल्यासारखा चेहरा करायचा. (प्रितमचा चेहरा तीनदा करून घ्यावा लागला.) पट एक्केचाळीस, हाताळणी शंभर टक्के, पाने उलटणे शून्य टक्के. कोश हातांना जरा हलका लागला, पण अभिमानाने तसे वाटत असेल असे गुरुजींनी मानले. पुढे अभिनंदनाचे पत्रही आले.

फक्त चौथीतल्या आरोहीने टेकवलेले बोट काढलेच नाही.

"गुरुजी, आमचं खाजण हाय का याच्यात?"

"असेल की. सगळं असतं त्यात."

"मंग बगा ना उघडून. भरतीचं पाणी शिरतं ती जमीन म्हंजे खाजण, असं आजा बोलतो. पन शब्द कुठून आला ते त्याला पन ठाव न्हाय."

"पुढच्या वर्षी बघू हं," गुरुजी मायेने म्हणाले. पुढच्या वर्षी ती पाचवीला दुसऱ्या शाळेत असणार, हे त्यांच्या चांगले ध्यानात होते.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका जयमालाबाई. त्यांना हे पाहवेना. कोश उघडत नसेल तर आपण आपला करू, असे म्हणून त्यांनी शंभरपानी वही आणली आणि मुलांना शब्द गोळा करायला गावभर पिटाळले. मुले जेट्टीवर लाँचवाल्यांना गाठू लागली, बेकरीत पाव घेताना पावाचे मूळ गाव विचारू लागली. पाव, बटाटा, पगार, चावी ही सगळी मंडळी पोर्तुगीजांबरोबर आली, असे बाईंनी सांगितले तेव्हा वर्गात खळबळ माजली. धम्मदीपने लिहिले, 'पगार: पोर्तुगीज गेले पण हा राहिला. आमच्या बाबांकडे राहत नाही.' नेत्राने लिहिले, 'चावी: हीपण पोर्तुगीज. सध्या मुक्काम गुरुजींच्या खिशात.' आरोहीने खाजणासाठी दोन पाने घेतली. त्यात आजोबा बाळाजींचे चित्र, खेकड्यांची चार नावे, आणि खाली 'कुठून आला: शोध चालू आहे.' वहीला सुकटीचा वास लागला, कोपरे दुमडले. ती रजिस्टरात नसल्यामुळे शासनाचे त्यात काही बिघडत नव्हते.

चार्ज द्यायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी कोशाचे वेष्टन सोडले. खाऱ्या हवेने कपाटाची पाठ गंजून भोक पडले होते, आणि त्यातून शिरलेल्या वाळवीने कोश 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत संपवला होता. (एकोणीस वर्षांत तो पूर्ण करणारा हा पहिलाच वाचकवर्ग.) उरले होते नुसते पुठ्ठे. गुरुजींनी ते टेबलावर ठेवले.

टेबलावर मुलांची वही पडली होती. काही सुचेना म्हणून त्यांनी ती उघडली, आणि संध्याकाळपर्यंत मिटली नाही. चावीच्या नोंदीला ते मोठ्याने हसले. खाजणापाशी डोळे भरून आले. आपण एकोणीस वर्षे काय केले हे त्यांना लख्ख कळले आणि मनापासून लाज वाटली. इतकी सुंदर वही! ही पोरांच्या हातात राहिली तर पावसाळ्याआधी तिच्या चिंध्या होतील. म्हणून त्यांनी ती कोशाच्या पुठ्ठ्यांत शिवली, नवे वेष्टन घातले, भोकावर पत्रा ठोकला आणि कपाटाला कुलूप लावले. नगाला नग भरला.

चार्ज जयमालाबाईंकडेच आला. गुरुजींनी सगळे खरे खरे सांगितले. बाई संतापल्या, त्यांनी गुरुजींना चार शब्द सुनावले (चारही अस्सल देशी). मग रजिस्टर पुढे सरकले. शब्दकोश, नग एक, सुस्थितीत, जबाबदारी मुख्याध्यापकांची. बाईंनी ते दोनदा वाचले, सही केली आणि चावी पर्समध्ये टाकली.

सोमवारी आरोही दारात उभी.

"बाई, आमची वही द्या ना. आजाला अजून एक आठवलंय, खाजणाच्या पानावर लिवायचं हाय."

बाईंचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला.

"आधी नखं दाखव," त्या म्हणाल्या.

ज्या वाचकांना येथे हसू आले असेल, त्यांनी आपल्या घरच्या शोकेसमधला शब्दकोश काढून त्यात 'खाजण' शोधावे. (शोकेसची चावी सापडल्यास.) कोश हातांना हलका लागला, तर तो अभिमान समजू नये.