वाहोंगच्या टाकीतली घाण

"मासे पाळायला अक्कल लागते होय? पाणी द्या, दाणा द्या, झालं! मासा काय बोलणार आहे का परत?"

कामपो हे बोलला तेव्हा त्याच्या हातात बदकं तोडायचा सुरा होता, म्हणून कुणी उलट बोललं नाही. आमच्या शामशुईपो वस्तीतल्या गल्लीत त्याचं भाजलेल्या बदकांचं दुकान. आणि बदक म्हणजे बदक! कातडी चावली तर रस्त्यापलीकडच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. स्वच्छतेचं तर विचारूच नका. पाटी, हुक, फडकं, दाराची कडी, दिसेल त्यावर हा माणूस कढत पाणी ओतायचा. एक मांजर जांभई देत त्याच्या उंबऱ्यावर बसलं होतं, ते थोडक्यात वाचलं.

सगळं झकास चाललं होतं. पण शेजारी वाहोंग होता ना!

वाहोंगचं नूडल्सचं दुकान. माणूस कळकट. त्याच्या गंजीफ्राकाचा मूळ रंग त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. पण त्यानं गल्ल्याशेजारी माशांची टाकी ठेवली, आत गुबगुबीत लाल मासे सोडले, आणि गिऱ्हाईक असं वळलं की रांग थेट कामपोच्या दारापर्यंत आली! कामपोच्या बदकांच्या काचेला पाठ टेकून लोक वाहोंगच्या नूडल्सची वाट बघायचे. कामपोच्या अंगाचा तिळपापड!

"त्या टाकीतलं पाणी नशीब ओढतंय," तो म्हणाला.

"त्याचं सूप चांगलं आहे," त्याची बायको युकलिंग बदकाला मध फासत म्हणाली.

"तू बायको कुणाची?"

"तुझीच. म्हणून तर सूप प्यायला बाहेर जावं लागतं."

झालं! कामपो तडक मासेबाजारात गेला. तिथं पिशव्यांत पाणी भरून मासे टांगलेले असतात, धुणं वाळत घातल्यासारखे. विकणारी पोरगी म्हणाली, "टाकी नवी आहे का, काका? मग महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या. मग एखाददुसरा मासा सोडा."

"महिनाभर रिकामी टाकी ठेवू? वाहोंग म्हणेल, याला मासे परवडत नाहीत!"

त्यानं वाहोंगपेक्षा वीतभर लांब टाकी घेतली. आठ लाल मासे घेतले, आणि वाईट नजर गिळायला एक काळा. संध्याकाळच्या आत सगळे पाण्यात! रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. कामपोची छाती भाजायला फुगवलेल्या बदकासारखी झाली.

एक-दोन दिवसांत पाणी गढूळलं. जणू कुणी तांदूळ धुतले होते त्यात.

"घाण? माझ्या दुकानात?" कामपो कडाडला. त्यानं सगळं पाणी उपसलं, नळाचं ताजं भरलं. खडे उकळले. फिल्टरमधला स्पंज कढत पाण्यात बुचकळून असा पिळला, की तो स्पंज ओरडायचाच बाकी होता. आणि हे रोज! पाणी दिसायला आरशासारखं, पण मासे वर येऊन आऽ आऽ करायला लागले.

"बघ, खुशीत गाताहेत," कामपो म्हणाला.

"धाप लागलीय त्यांना," युकलिंग म्हणाली.

सकाळी एक लाल मासा उताणा. कामपोचा चेहरा पडला. तेवढ्यात पून आजी आली. ही म्हातारी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. दर सणाला बदक कामपोकडूनच घ्यायची.

"नशीबवान आहेस रे!" ती म्हणाली. "तुझ्यावर काहीतरी येत होतं, ते माशानं अंगावर घेतलं!"

आता आमच्याकडे तसंच मानतात. दुकानातला मासा उगाच मरत नाही. कामपोनं डोळे पुसले आणि भिंतीपलीकडे हाक मारली, "ए वाहोंग! तुझ्या माशांनी एक तरी संकट अडवलंय का रे आजवर?"

"नाही बुवा. सगळे धडधाकट आहेत."

"बघा! नुसते खातात लेकाचे!"

पण दुसऱ्या दिवशी दुसरा उताणा. मग तिसरा. कामपोनं नवे आणले, तेही गेले. एक मासा मेला तर ठीक, संकट टळलं. पण रोजच मरायला लागल्यावर गल्ली कुजबुजायला लागली, 'अहो, या माणसावर येतंय तरी काय? विमान पडणार आहे का दुकानावर?' गिऱ्हाईक त्याचं दार टाळून जाऊ लागलं. आणि हिवाळ्याचा सण तोंडावर! त्या दिवशी घरोघर सगळे एका टेबलाशी जेवतात, मधोमध बदक लागतंच. कामपोची वर्षाची खरी कमाई त्यावर.

पून आजी दारातूनच म्हणाली, "यंदा बदक पलीकडच्या गल्लीतून घेईन म्हणते. राग मानू नकोस बाबा. पण तुझ्याकडे संकटांची ये-जा फार आहे."

कामपोला पक्कं कळलं, ही वाहोंगची नजर! त्यानं नजर उलटवणारा आठकोनी आरसा आणून वाहोंगच्या दाराकडे तोंड करून टांगला. दुपारचं ऊन त्यावरून उसळून वाहोंगच्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत. वाहोंगनं एक चटई आडवी लावली. लोक म्हणाले, वा, सावली झाली! आणि रांग आणखी वाढली.

शेवटी टाकीत तो काळा तेवढा उरला. तोही कोपऱ्यात कलंडलेला.

"हा गेला की सणाची बदकं आपण दोघांनी खायची," युकलिंग म्हणाली. "आणि मला हा आवडतो. जा, वाहोंगला विचार."

"मेलो तरी जाणार नाही!"

"तू कुठं मरतोयस? तो मरतोय. जा!"

कामपो मागच्या दारानं गेला. वाहोंगनं आपला फिल्टर उघडला. आतला स्पंज काळाकुट्ट, बुळबुळीत, गटारातून काढल्यासारखा.

"शीऽ! धूत नाहीस?"

"टाकीतल्याच पाण्यात कधीतरी खळबळवतो. अरे वेड्या, मासे खातात तिथंच हगतात. त्याचं विष होतं. ते विष खाणारे बारीक जीव या घाणीत राहतात. तू रोज त्यांना उकळून काढलंस, वर नळाच्या पाण्यातलं जंतू मारायचं औषध ताजं ताजं पाजलंस. ते उडून जायला पाणी बादलीत रात्रभर ठेवायचं, थोडंथोडंच बदलायचं. माझी पण पहिली खेप मेली होती."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठं? तू तर आरसा टांगलास."

वाहोंगनं कात्रीनं स्पंज अर्धा कापला, नूडल्सच्या डब्यात घातला, वर टाकीतलं पाणी ओतलं. मागच्या दारात तोवर भांड्यांचा ढीग पडला होता, म्हणून कामपोला पुढून निघावं लागलं. पुढं अख्खी रांग! आणि रांगेत पून आजी!

"अगंबाई! कामपो? वाहोंगच्या नूडल्स नेतोस?"

सगळ्या माना वळल्या. कामपोच्या जिभेवर शब्द आला होता. यात काय आहे ते नुसतं सांगायचं, की वाहोंगची रांग कायमची संपली! त्यानं मागं पाहिलं. वाहोंग झारा हातात धरून उभा होता, घाम न पुसता. भिंतीपलीकडे काळा कलंडला होता.

"हो," कामपो दातांतून म्हणाला. "नूडल्स."

"म्हणजे चांगल्या असतात म्हण की!"

कामपोनं डबा छातीशी आवळला. "चांगल्या... असतात."

तेवढ्यात डबा झिरपला. काळा थेंब खाली पडला.

"काळं सूप? हे मला कधी दिलं नाही त्यानं! घोटभर चाखू दे बघू!" म्हातारीनं थैलीतून चमचाच काढला.

कामपो जो पळाला! एवढं तर त्याच्या सुऱ्याखालून बदकही कधी पळालं नसेल.

अर्धा स्पंज कामपोच्या फिल्टरमध्ये बसला, आणि काळा वाचला. हळूहळू सरळ झाला, मग दाण्यासाठी काचेला धडका द्यायला लागला. पून आजीनं काचेला नाक लावून जाहीर केलं, "संकट थकलं!" सणाला बदक पुरेना. आरसा उतरला. वाहोंगनं चटई मात्र काढली नाही, गिऱ्हाइकांना सावली आवडते म्हणाला. आणि म्हातारी अजून त्याच्याकडे काळं सूप मागते. तो म्हणतो, संपलं.

आता कामपो सुखी झाला असं तुम्हाला वाटेल. परवा दुपारी गेलो तर दोन्ही हातांत फिल्टर धरून उजेडात निरखत होता, डोळे लाल.

"काय झालं? मासा गेला?"

"मासे मजेत आहेत," युकलिंग म्हणाली. "यांचंच काहीतरी जळतंय."

"जळणार नाही तर काय!" कामपो ओरडला. "त्याची घाण बघून ये, कशी काळीभोर, दाट! आणि माझी? नुसती तपकिरी! चांगला अर्धा स्पंज स्वतःला ठेवला लेकानं!"